शब्दामागे पन्नास पैसे

स्वस्तात लेखक मिळतो म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार! आमच्या शाखेच्या स्मरणिकेला कमिटीने असाच एक धरून आणला, शब्दामागे पन्नास पैसे दराने. अहो, पन्नास हजारांच्या कर्जालासुद्धा आम्ही जामीन मागतो. आणि अख्ख्या शाखेची अब्रू ज्याच्या हाती द्यायची, त्याचं आधीचं एक पान कुणी वाचू नये?

भाव शब्दावर, त्यामुळे साध्या 'बँके'ची 'अर्थगंगेच्या तीरावरील कल्पवृक्षरूपी बँक' झाली. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. यानं १४ जुलैला १९ बँका करून टाकल्या. वर म्हणतो, "आकडे तेच आहेत ना?" आमच्या कॅशियरने हे उत्तर दिलं असतं तर? निवृत्त होणाऱ्या हेडकॅशियर भाऊसाहेबांवर लिहिलं, 'त्यांच्या जाण्यानं न भरून येणारी पोकळी...' ते वाचून वहिनींनी हातातला पेढा बशीत ठेवला.

मजकूर आम्हीच दुरुस्त करून पुन्हा छापतो म्हटलं, तर पठ्ठ्याने १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. नोकराचं लिखाण मालकाचं. बाहेरच्याचं मात्र लेखी करार नसेल तर त्याचंच! पैसे आमचे, पोकळी त्याची.

शेवटी शुद्धिपत्रक मी लिहिलं. फुकट. कमिटी खूश. म्हणते, "पुढची स्मरणिका तुम्हीच करा. दर तोच!"