इंजिन ठणठणीत, पण दरवाजा मिळेना : जुन्या पिकअपवाल्यांची खरी अडचण

पुणतांबा : पेरू, कांदा आणि उसाच्या या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षांच्या पिकअप आजही माल भरून पळताना दिसतात. इंजिनचं काम कुठंही होतं. गाडी बसते ती पत्र्यामुळं. दरवाजाचा तळ गंजतो, मडगार्ड कुजतं, केबिनचा तळपत्रा पायाखालून जातो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलंय. एवढे पैसे भरून श्रीरामपूर आरटीओला जायचं आणि कुजक्या पत्र्यासाठी परत यायचं, हे कुणाला परवडेल?

मागच्या हौद्याचं फारसं काही नाही. अँगल, पत्रा आणि वेल्डर असला की फाळक्यासकट हौदा गावातच उभा राहतो. केबिनचं तसं नाही. दरवाजा कारखान्यात साच्यात दाबलेला असतो. त्याची गोलाई, काचेची खाच, बिजागरीची जागा हातोड्यानं जमत नाही. जमवलीच तर पहिल्या पावसात पाणी आत.

म्हणून एकाच कुळातल्या गाडीचा भाग शोधायचा. महिंद्राच्या पिकअप आणि बोलेरो जीप एकाच घरातल्या, त्यामुळं तोंडाकडचं बरंच सामान ओळखीचं निघतं. पण बोलेरोचं तोंड २०११ ला बदललं. नुसतं नव्या घाटाचं बॉनेट आणून जुन्या मडगार्डला बसवायला गेलं की फट राहते. घ्यायचं तर बॉनेट, जाळी, दोन्ही मडगार्ड आणि हेडलाइटच्या चौकटी एकाच गाडीच्या घ्याव्यात. टाटाचंही तसंच. १९८८ च्या टाटा मोबाईल पिकअपच्या सांगाड्यावरच १९९१ ला सिएरा आली. नातं खरं, पण सांगाडा एक म्हणून दरवाजा बसेलच असं नाही. टेप घेऊन जावं, बिजागरीच्या बोल्टांमधलं अंतर मोजावं, मगच पैसे काढावेत. सगळ्यात सोपी जुनी महिंद्रा जीप. तिचा पत्रा सरळ, काच सपाट. ती काच कुठलाही काचवाला कापून देतो.

आता मुद्दा असा, की हे सामान येतं कुठून? मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात. त्याच्या मागं मोठा पुरवठा होता तो सरकारी गाड्यांचा. कार्यालयातल्या जुन्या जीप, सुमो लिलावात निघायच्या, कुणीतरी घ्यायचं, सुट्या करून विकायचं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत मोडणी केंद्रात द्याव्या लागतात. धूर आणि अपघात कमी व्हावेत हा हेतू चुकीचा नाही. पण पूर्वी लिलावातून खेड्यात पोचणारा दरवाजा आता भंगाराच्या वजनात जातो, हा त्याचा दुसरा परिणाम. नवी पिकअप घेण्याची ऐपत नसलेल्याला तो जास्त जाणवतो. चांगले दरवाजे, बॉनेट मोडणी केंद्रातून पावतीवर तालुक्यापर्यंत मिळायला लागले, तर दोन्ही कामं साधतील. ही मागणी अजून फारशी कुणी लावून धरलेली दिसत नाही.

कायद्याचं एवढं ध्यानात ठेवा. त्याच मॉडेलचा दरवाजा किंवा बॉनेट बदलणं म्हणजे दुरुस्ती. गाडीचा मूळ घाट बदलणं मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालणार नाहीत असं सांगितलंय. इंजिन किंवा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करून घ्या. चॅसीच्या नंबरला हात लावू नका, आणि नंबर घासलेल्या गाडीचं सामान कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, कारण ती चोरीची निघाली तर पोलीस विकणाऱ्याआधी तुमच्या दारात येतात. विकणाऱ्याकडून पावती घ्या, तिच्यावर सामान ज्या गाडीचं तिचा नंबर लिहून घ्या. सामान फिटनेसच्या तारखेआधी दोन महिने शोधायला लागा. ऐनवेळी गेलं की मिळेल तो दरवाजा सांगेल त्या भावात घ्यावा लागतो.