घरातला ससा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत माणिकडोह, येडगाव, डिंभे ही धरणे झाली, उसाचे मळे पसरले आणि त्या उसात बिबट्याने ठाण मांडले. तेव्हापासून तेथे अंगणातील खुराड्यात ससा ठेवणे म्हणजे बिबट्याला आमंत्रणच होय. सशाला घरात घेणे भाग आहे. परंतु घरात घेतला म्हणजे कर्तव्य संपले, असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे.

पाळीव सशाचे पूर्वज युरोपात बिळे करून कळपाने राहत. म्हणून त्याला सोबती हवा, लपावयास आडोसा हवा आणि धावावयास मोकळी जमीन हवी. तारेच्या जाळीवर सतत बसून त्याचे तळपाय सोलवटतात. त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजावेत म्हणून त्याने दिवसभर गवत चघळले पाहिजे. गाजर चित्रातल्या सशाला शोभते. खऱ्याला ते थोडेच द्यावे. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. वैशाखात पत्र्याखाली कोंडल्यास तो दगावतो. दुबळेपणा शत्रूला दिसू नये म्हणून दुखणे लपविण्याची त्याची सवय चार भिंतींच्या आतही सुटत नाही. त्याने दिवसभर चारा टाकला, तर वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

बांधावर सापडणारे रानसशाचे पिल्लू मात्र घरी आणू नये. ते वेगळ्या जातीचे असते; डोळे उघडे ठेवूनच जन्मते आणि बिळात राहत नाही. आई दिसत नाही म्हणून ते पोरके ठरत नाही; ती त्याला पाजावयास परत येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही रानससा पाळण्यास मनाई केली आहे.