घाट उतरण्यापूर्वी

जुनी इंदुरातील गल्ल्यांतून जाणाऱ्या मोटारीचा वेग बैलगाडीहून फारसा अधिक नसतो. शनिमंदिराच्या बाजूने निघावे, तर पुढे हातगाडी, मागे ई-रिक्षा आणि मध्येच शाळेची मुले. चालकाचा पाय सदैव ब्रेकवर. ब्रेक झिजतात ते येथेच. परंतु या संथ गतीत झिजलेल्या ब्रेकवरही निभावून जाते, आणि म्हणून ती झीज कुटुंबाच्या ध्यानी येत नाही. ती ध्यानी येते घाटात. आणि तेथे ती ध्यानी येणे, म्हणजे फार उशीर झालेला असणे.

आपणा इंदूरकरांना घाट काही टळत नाही. ओंकारेश्वरास निघावे, तर खंडवा रस्त्यावर सिमरोलपुढचा भेरूघाट. महूवरून महेश्वरास जावे, तर जाम दरवाजाखालची वळणे. आणि धुळे-नाशिककडील आप्तांकडे लग्नकार्य असले, तर आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूर सोडल्यावर लागणारा उतार. त्याच रस्त्यावरील गणेश घाटात ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांनी वर्षानुवर्षे किती बळी घेतले, हे इंदुरी वृत्तपत्रांच्या वाचकांना सांगावयास नको. आपली गाडी मालट्रक नव्हे, हे खरे. पण निसर्गाचा नियम दोघांनाही एकच आहे.

तो नियम बंबाच्या भाषेत सांगता येईल. माणसे व सामान धरून गाडीचे वजन १००० किलो मानले, आणि ती घाटात ३०० मीटर खाली उतरली, तर तिचा वेग केवळ ब्रेकने आवरण्यात जी उष्णता निर्माण होते, तीत नळाचे सुमारे १० लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. बंबाला त्यासाठी निदान पुरेसा अवधी आणि तांब्याचे ऐसपैस पोट असते. येथे ही सारी आग काही मिनिटांत सोसावयाची असते, आणि गाडी थांबताना भार पुढे येत असल्यामुळे तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. त्या चाकांमागे ओतीव लोखंडाची एकेक चकती, म्हणजे डिस्क, फिरत असते आणि ब्रेक दाबताच दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. डिस्क झिजून पातळ झाली, की उष्णता साठवून ठेवण्यास तिच्यात लोखंडच कमी उरते. पॅड संपत आले, की ती उष्णता त्यांच्यातून आरपार जाऊन मागच्या तेलापर्यंत पोहोचते.

ओघात आले म्हणून सांगतो, ब्रेकला तेलाचा दाब देण्याच्या युक्तीशी आपल्या शहराचा एक जुना ऋणानुबंध आहे. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ च्या सुमारास विक्रीच्या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसविले. आणि १९३० च्या दशकात याच कंपनीची, केशरी व काळ्या रंगाची एक देखणी मोटार महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ताफ्यात दाखल झाली. ते ब्रेक अर्थात ड्रमचे होते. डिस्क ब्रेकचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, ते बसविलेल्या जॅग्वार मोटारीने फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा.

आता मुख्य वादाकडे वळू. पॅड झिजले हे सर्वांना मान्य होते. डिस्कही बदलावी काय, यावर घरात दोन तट पडतात. गॅरेजमध्येही दोन प्रकारचे मिस्त्री भेटतात. एक म्हणतो, "अभी तो चल जाएगी, बाबूजी." दुसरा गाडी वर उचलण्यापूर्वीच सारे काही बदलण्याची यादी हाती देतो. आमच्या मते दोघेही सारखेच अविश्वसनीय, कारण दोघांनीही मापलेले काहीच नसते. नव्या पॅडचे अस्तर साधारण १० मिलिमीटर जाड असते. ते ३ मिलिमीटरवर आले, की बदलून टाकावे. चाकाच्या जाळीतून दिसतो तो केवळ बाहेरचा पॅड. आतला पुष्कळदा अधिक झिजलेला असतो, विशेषतः कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या असतील तर; म्हणून चाक काढवूनच पाहावे. काही पॅडना एक लहानशी पोलादी पट्टी असते; अस्तर संपत आले, की ती डिस्कला घासून किंचाळू लागते. पण तिच्या हाकेवर विसंबणे, म्हणजे चोराने घंटी वाजवावी अशी अपेक्षा करणे होय.

डिस्कची गोष्ट याहून नाजूक. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, आणि नव्या डिस्कची जाडी व ही किमान जाडी यांत बहुतेक गाड्यांत अवघ्या २ मिलिमीटरांच्या आसपासच अंतर असते. डोळ्यांना हा फरक कळणे अशक्य. शिवाय झिजलेल्या डिस्कच्या कडेला एक उंचवटा उरतो. साध्या व्हर्नियरचे जबडे त्या उंचवट्यावर टेकले, तर माप खोटेच मोठे येते. मिस्त्रीला मायक्रोमीटर लावण्यास सांगावे आणि आकडा घरखर्चाच्या वहीत तारीख व किलोमीटर यांसह टिपून ठेवावा. डिस्क गुळगुळीत असून आकडा मर्यादेच्या बराच वर असेल, तर ती खुशाल राहू द्यावी. उगाच टाकून देणे हाही अपव्ययच. मात्र नवे पॅड झिजेपर्यंत ती तग धरणार नाही असे दिसत असेल, तिला खोल चरे पडले असतील, किंवा ब्रेक दाबताच पायाखाली थरथर जाणवत असेल, तर पॅडबरोबरच तिलाही निरोप द्यावा, आणि तोही जोडीने. एका चाकाला नवी व दुसऱ्याला जुनी डिस्क असली, तर गाडी ब्रेक लावताच एका बाजूस ओढू लागते. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबूस गंज पाहून मात्र घाबरू नये. चार-दोनदा ब्रेक लागले की तो पुसला जातो.

तेलाचे वय विचारण्यास बहुतेकजण विसरतात. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, आणि ओल शिरलेले तेल लवकर उकळते. घाटात ते उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचा पाय तळाशी जातो. दर दोन वर्षांनी ते बदलणे महाग पडत नाही. पॅड बदलल्यावर गाडी हलविण्यापूर्वी पेडल कठीण लागेपर्यंत अनेकदा दाबावे. पहिला दाब नेहमी पोकळच जातो, आणि गॅरेजच्या दाराशीच अपघात घडतात ते यामुळे.

वडीलधाऱ्यांच्या एका सवयीविषयीही लिहिणे भाग आहे. पेट्रोल वाचविण्यासाठी फियाट न्यूट्रलमध्ये टाकून, प्रसंगी इंजिन बंद करून घाट उतरण्याचा प्रघात पूर्वी अनेक घरांत होता, आणि तो कौतुकाने सांगितलाही जातो. आजच्या गाडीत ब्रेकला इंजिनाचे साहाय्य असते. ते बंद झाले, की दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखे घट्ट होते. आजोबांचा मान राखून ही काटकसर आता सोडलीच पाहिजे. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे वेग आवरण्याचे बरेचसे काम इंजिनच करते.

नव्या पॅडची व डिस्कची पकड बसण्यास दोन-तीनशे किलोमीटर लागतात; तोवर सौम्य ब्रेक लावीत गावातच फिरावे. दसऱ्याला आपण गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालतोच. त्याआधीच्या आठवड्यात चाके काढवून माप घेतले, तर छोट्या ग्वालटोलीतून योग्य भाग शोधून आणण्यासही सवड मिळते, आणि दिवाळीच्या सुटीत महेश्वरास निघेपर्यंत पॅड नीट बसलेले असतात.