सुई टोचण्याआधीची विचारपूस

‘मला चिंताविकार आहे’ असं म्हणत फरीदाबादमध्ये फारसं कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. तिथला शब्द ‘घबराहट’. मराठी घरांतही छातीत धडधडतं, जीव घाबराघुबरा होतो, झोप लागत नाही, असंच सांगतात. तक्रार शरीराची, म्हणून उपायही शरीरावरचा हवा असतो. मानसोपचारतज्ज्ञापेक्षा ॲक्युपंक्चरचं केंद्र जवळचं वाटतं ते त्यामुळेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले होते. एवढे लोक दाराबाहेर असताना जे दार त्यांना आत घेतं, ते बंद करू नये असं माझं मत आहे. मात्र सुई टोचणाऱ्याने आधी नीट विचारपूस करायलाच हवी.

मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध ‘नेइगुआन’ हा बिंदू येतो. तिथे बारीक सुई टोचून रुग्णाला वीस-तीस मिनिटं निवांत पडू देतात. शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी करण्यासाठी कानाच्या बिंदूंवर झालेल्या चाचण्या आशादायक आहेत. महिनोन्‌महिने पाठ न सोडणाऱ्या चिंतेबाबत मात्र पुरावा तोकडा आहे. अभ्यास लहान आणि प्रत्येकाची पद्धत निराळी. अशा चिंतेसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०११ साली दिलेला भर विचार-वर्तन उपचारांवर (सीबीटी), शिथिलीकरणावर आणि औषधांवर आहे. शिवाय खोट्या सुईचा पेच आहेच. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले: खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना गुण आला. कंबर म्हणजे मन नव्हे, हे खरं. पण गुण नेमक्या बिंदूत कमी आणि मिळालेल्या वेळात, स्पर्शात, विश्वासात जास्त असावा, अशी शंका इथे येतेच.

‘मग हा निव्वळ मनाचा खेळ, त्याला पैसे का मोजायचे?’ हा आक्षेप रास्त आहे. पण धास्तावलेल्या माणसाला अर्धा तास शांतता आणि कुणाचं तरी लक्ष मिळणं मला क्षुल्लक वाटत नाही. त्या शांततेच्या नावावर मुळापासून बरं करण्याची हमी विकणं मात्र फसवणूक आहे. ‘अपाय तर नाही ना?’ हा दुसरा युक्तिवाद मला अधिक धोकादायक वाटतो. धडधडीमागे थायरॉइड, रक्तक्षय किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष असू शकतो. सुया सुरू झाल्या म्हणून चालू गोळ्या एकदम थांबवल्या तर हाल होतात. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसालाही इजा होऊ शकते.

भारतात ॲक्युपंक्चरची ही विद्या आणली ती डॉ. विजय बसू यांनी. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसोबत १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले हे डॉक्टर. रुग्ण तपासणं हा त्यांचा मूळ व्यवसाय होता. महाराष्ट्राने २०१५ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला, केंद्राने २०१९ मध्ये मान्यता दिली. मान्यता घेतली की तपासणीची जबाबदारीही अंगावर घ्यावी लागते. त्रास कधीपासून आहे, झोप किती लागते, थायरॉइड तपासलं का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, जीव नकोसा होतो का, हे प्रत्येकाला विचारून केसपेपरवर लिहिलं पाहिजे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर सुई बाजूला ठेवून त्याच खोलीतून ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा आणि घरचं माणूस येईपर्यंत रुग्णाला एकटं सोडू नये.