शाकाहारी आहोत, पण ताटात आहे काय?

मैदा गव्हाचाच असतो, साखर उसाची, पामतेल एका फळाचे आणि साबुदाणा कंदाचा. या हिशेबाने वडापाव, फरसाण, बटाट्याचे वेफर्स आणि वर गोड सरबत हा सगळा ‘प्लांट-बेस्ड’ आहार ठरतो. हा शब्द पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आला तेव्हा त्याच्या आधीचे ‘होल फूड’ हे दोन शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले. खरा फायदा मात्र त्या दोन शब्दांतच आहे. अन्न वनस्पतीपासून आलेले असावे, आणि शक्यतो त्याच्या मूळ रूपात, म्हणजे कोंड्यासह, सालीसह, तंतूंसह पोटात जावे, असा त्यांचा अर्थ.

हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या आहाराच्या नोंदी तपासल्या. २०१६ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत वनस्पतीजन्य आहाराचे सरळ दोन भाग पडले. अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, दाणे यांवर भर देणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने आणि हृदयविकाराचा सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळला. मैदा, गोड पेये, मिठाई, बटाटा यांवर जगणाऱ्यांचा धोका उलट वाढलेला होता. दोन्ही आहार वनस्पतीचेच. अशा निरीक्षणांतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे खरे. पण दोन गटांची दिशाच विरुद्ध असावी, हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

यामागची यंत्रणाही बऱ्यापैकी उलगडलेली आहे. कडधान्ये, ओट्स, फळे यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात. नवे पित्ताम्ल बनवण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. जे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यातील जिवाणूंचे अन्न होतात आणि त्यातून तयार होणारे ब्युटिरेटसारखे घटक आतड्याचे अस्तर निरोगी ठेवतात. शिवाय चावायला वेळ लागतो, पोट लवकर भरते.

आता आपल्याकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला होता. त्याच सर्वेक्षणातील सुमारे १८ हजार प्रौढांच्या आहाराचे विश्लेषण सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, तेही मुख्यतः पांढरा भात, दळलेली धान्ये आणि साखर यांतून. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के. म्हणजे मांसाहार बेताचाच असलेला हा देश वनस्पतीजन्य आहाराच्या चुकीच्या अर्ध्यात बसला आहे.

या अभ्यासातला एक निष्कर्ष अनेकांना खटकेल. भाताच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून नाचणीची बिस्किटे आणि ज्वारीच्या शेवया यांची जी बाजारपेठ उभी राहिली आहे, तिला हे अडचणीचे आहे. बारीक दळले की दाण्याची रचना मोडते आणि स्टार्च पटकन पचतो. त्यात साखर-तेल घातले की नाव तेवढे पौष्टिक उरते. याचा अर्थ ज्वारीची भाकरी वाईट असा मुळीच नाही. तिच्यात मैद्यापेक्षा तंतू आणि खनिजे कितीतरी जास्त आहेत. पण तीन पोळ्यांऐवजी तीन भाकऱ्या आणि सोबत तीच चमचाभर भाजी, एवढ्याने फार काही बदलत नाही.

धोका कमी दिसला तो दुसऱ्याच बदलात. रोजच्या एकूण उष्मांकांपैकी कर्बोदकांतून येणाऱ्या ५ टक्क्यांच्या जागी वनस्पतीजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिने आली तेव्हा. (दुधाचे नाव इथे आहे, हे कट्टर व्हीगन मंडळींनी लक्षात घ्यावे.) दोन हजार उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे १०० उष्मांक, अर्थात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने. शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात १९-२० ग्रॅम प्रथिने असतात. तेव्हा पातळ वरणाचा एक डाव वाढवून भागणार नाही. मटकीची, मुगाची, चवळीची उसळ ही तोंडी लावणे न राहता ताटातला मुख्य पदार्थ व्हायला हवी आणि भात-पोळी तिच्या सोबतीला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही २५० ग्रॅम धान्यांमागे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि तब्बल ४०० ग्रॅम भाज्या आहेत. आपल्या घरात हे प्रमाण किती, ते एकदा महिन्याच्या किराणा यादीवरून काढून पाहावे.

दोन सावधगिऱ्या. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूधदुभतेही सोडणाऱ्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेच पाहिजे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आहार एकदम बदलला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डाळी व काही फळे मोजूनच खावी लागतात.

मात्र हा सगळा सल्ला ज्याच्या खिशाला निवड करता येते त्याच्यासाठी आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, तेही जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत. ते असते तांदूळ आणि गहू, डाळ बाजारभावाने. तेव्हा गरिबाच्या ताटात भात वाढतो आणि वरण पातळ होते, याला त्याचे अज्ञान कारण नाही. तमिळनाडू रेशनवर सवलतीत तूरडाळ देते. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत सुरू झालेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. चार वस्तूंपैकी पोषणाच्या दृष्टीने कामाची एकच.

केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये ११,४४० कोटी रुपयांचे डाळ आत्मनिर्भरता अभियान सुरू केले. तूर, उडीद, मसूर यांच्या हमीभावाने खरेदीचे आश्वासन त्यात आहे, आणि मराठवाडा-विदर्भातील तूर उत्पादकांसाठी ते मोलाचे आहे. खरेदी केलेली ही डाळ सरकारी गोदामांतून पुढे कुठे जाणार? खुल्या बाजारात भाव पाडण्यासाठी ती विकली गेली तर शेतकरी चिडेल. रेशनवर माणशी दरमहा किलोभर दिली, तर शेतकऱ्याला कायमचा ग्राहक मिळेल आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या १३ कोटींहून अधिक लोकांपैकी ज्यांना ती परवडत नाही, त्यांच्या ताटात उसळ पडेल.