नोंदवहीतल्या लेकीसुना

१८७९ साली महादेव गोविंद रानडे यांची तडकाफडकी धुळ्याला बदली झाली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरले होते, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले होते, आणि संशयाची सुई रानड्यांकडेही वळली होती. धुळ्यात त्यांच्या टपालावर पाळत बसली. पत्रे आधी फोडली जात, मग घरी येत. मध्येच बंडवाल्यांच्या नावाने पत्रे येत. रानडे ती तशीच पोलिसांकडे धाडून देत. या पाळतीची घरातली बाजू आज आपल्याला ठाऊक आहे ती त्यांच्या पत्नी रमाबाईंमुळे. त्या वेळी त्या १७ वर्षांच्या होत्या. १९१० साली त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आले, म्हणून ते दिवस टिकले.

रमाबाई जगल्या, लिहायला शिकल्या. रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई १८७३ साली वारल्या आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाई त्या घरात आल्या. सखूबाईंचा संसार जवळपास वीस वर्षांचा, पण त्यांचे नाव निघते ते बहुतेक वेळा पुढचा वाद सांगण्यापुरते: विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न का केले? वाद महत्त्वाचा आहेच. पण जी बाई गेली ती कशी होती, तिला काय आवडे, हे विचारायचे राहूनच जाते.

पाळत ठेवणाऱ्या पोलिसांच्या घरीही हेच. लंडनचा फ्रेडरिक ॲबरलिन हा पोलीस तपासाच्या इतिहासातला गाजलेला माणूस. १८८८ च्या व्हाइटचॅपेलच्या खुनांचा जागेवरचा तपास त्याच्याकडे होता; त्याच्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले. त्याने मार्च १८६८ मध्ये मार्था नावाच्या मुलीशी लग्न केले. मे महिन्यात ती क्षयाने गेली. वय २५. तो तेव्हा साधा सार्जंट होता. इन्स्पेक्टरची बढती, व्हाइटचॅपेल, नावलौकिक, यातले काहीच तिने पाहिले नाही. तिची आठवण जगाला आहे ती त्याच्या चरित्रातल्या एका वाक्याइतकी. न उकललेल्या त्या खुनांवर शंभरावर वर्षे माणसे डोके फोडत आहेत, मार्थाबद्दल कुतूहल मात्र कोणाला फारसे वाटले नाही.

हे आज लिहायचे कारण आपल्या दाराशी आहे. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. मराठा समाजाला कुणबी जातीचे दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून तहसील कचेऱ्यांतली कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना १४, बाहेर निघाली. मोडी वाचणारी माणसे बसवली, पानांची छायाचित्रे निघाली. या वह्या मुळात जन्ममृत्यूच्या. त्यांत जातीच्या रकान्याशेजारीच मरणाऱ्याचे नाव, वय आणि कारण असते. इंग्रजी अमलात कारणांचे ठरावीक साचे होते: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि बाकी सगळे ‘इतर’. क्षयाने झिजलेली सून ‘तापा’त जमा होणार आणि बाळंतपणात गेलेली ‘इतरां’त. तरीही नाव आहे, गाव आहे, वय आहे. अमकी कोम (म्हणजे बायको) अमका, वय १९, ताप. त्या ओळीला कोणाचा हात लागत नाही, कारण दाखल्याला तिचा उपयोग नाही.

दाखले मिळावेत, ज्याचे त्याला मिळावे. पण एवढ्या कष्टाने उघडलेली पाने एकाच रकान्यासाठी वाचून पुन्हा बासनात बांधणे हे मला पटत नाही. सुरुवात खानदेशातून करता येईल. १९०६ पर्यंत खानदेश हा धुळे मुख्यालयाचा एकच जिल्हा होता, म्हणजे धुळे आणि जळगाव यांचा हा वारसा सामाईकच. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे; कागद जपणे हे तिथले व्रतच. जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्या स्वतः निरक्षर होत्या. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली. या दोन संस्थांनी मिळून एका तालुक्यापासून सुरुवात करावी: पंधरा ते तीस वयाच्या बायकांच्या मृत्यूच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात, मोडीतून देवनागरीत आणाव्यात, गावागणिक छापाव्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पेलेल असे हे काम आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी छायाचित्रांच्या प्रती तेवढ्या द्याव्यात.