विळा आणि विळी

पुल्लिंगी नाम ईकारान्त केले की लघुत्वाचा बोध होतो, असे शिकवून कित्येक जण सुरा-सुरी, हंडा-हंडी यांच्या पंक्तीत विळा-विळी ही जोडीही बेलाशक बसवितात. हा खुलासा ज्यास पटला असेल त्याने शहापूर-मुरबाडकडील एखाद्या शेतकऱ्याच्या घरी भातकापणीच्या दिवसांत एक सकाळ काढावी. कापणीस निघालेल्या बाईच्या हातातील विळा पाटावर ठोकलेल्या विळीहून हलकाच भरेल. मग यांत धाकटे कोण?

वस्तुतः भेद आकाराचा नसून गतीचा आहे. भात जागी उभे असते, डाव्या मुठीत त्याची जुडी धरून उजव्या हाताने विळा आपल्याकडे ओढावयाचा; विळी मात्र पायाखाली दाबलेली, स्वस्थानी अचल, आणि भाजी तिच्या धारेवर पुढे ढकलावयाची. एकात हत्यार चालते, दुसरीत जिन्नस. म्हणूनच विळीपाशी दोन्ही हात मोकळे राहतात आणि टणक भोपळाही तिला शरण येतो. (विळ्याभोपळ्याचे सख्य म्हणताना सामान्यरूपावरून आरोपी ठरतो विळा, भोपळा चिरते ती विळी. हा अन्याय कोणत्या कचेरीत मांडावा?)

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने भातासाठी दातेरी ‘वैभव विळा’ काढला; त्याने बुंध्याशी, जमिनीसरशी कापणी साधते आणि धसकटात दडून राहणाऱ्या खोडकिडीच्या अळीचा आसरा मोडतो. विळीच्या नशिबी अशी विद्यापीठीय सनद नाही. मालवणाकडे तिला आडाळो म्हणून पुल्लिंग मिळाले, तेवढीच काय ती बढती. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी गवतकापणीच्या वाढीव मजुरीसाठी विळे खाली ठेवले, आणि तो संप इतिहासात गेला. विळी खाली ठेवून कोणी संप केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, कारण विळीला मुळी मजुरीच नव्हती. अर्थभेदाचा हा भाग ईकाराच्या नियमात कोठे सापडावयाचा?

सबब शिक्षकवर्गास विनंती इतकीच की, ही जोडी सुरा-सुरीच्या पंक्तीतून उठवावी. आणि खेड्यातील मुलाने घरच्या बोलीप्रमाणे ‘इळा’, ‘इळी’ असे लिहिले, तर लाल शाई उचलण्यापूर्वी त्या दोहोंतील फरक त्यालाच विचारावा.